तीन नावं, दोन उत्तरं

निलेश साळुंखेचा मला हेवा वाटतो. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठ्या मनाची समजणार नाही.

निलेश कडेगावचा. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून आले, घरचा ऊस आहे. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो माझ्यामागे दोन वर्षं होता. मेल सर्व्हर म्हणजे काय, हे त्याला मी शिकवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही तो बसवला, तेव्हा पहिलं पत्र या खोलीतून शेजारच्या खोलीत गेलं. निलेश पळत जाऊन बघून आला आणि म्हणाला, "ताई, पोचलं की वो!" आज तो सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्याची मेल सांभाळतो आणि मी साताऱ्यात एका शिक्षणसंस्थेची. संस्थेची कॉलेजं आणि वसतिगृहं कोरेगावपासून पाटणपर्यंत पसरली आहेत. आम्हा दोघांचं काम एकच: पत्र ज्याचं आहे त्याला पोचवायचं.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला पाच मिनिटांत कळतो. एक सर्व्हर दुसऱ्याच्या दारात येतो आणि म्हणतो, अमुक माणसाचं पत्र आणलंय. पहिलं नाव सांगतो, आत हा माणूस आहे का? दुसरा म्हणतो, आहे. दुसरं नाव? आहे. तिसरं? तो गेला इथून. इथपर्यंत प्रत्येक नावाला वेगळं उत्तर मिळतं. मग पहिला म्हणतो, आता हे पत्र घ्या. पत्र आत येतं, उघडून तपासलं जातं. आणि इथे गोम आहे. पत्र तपासून झाल्यावर दुसऱ्या सर्व्हरला एकच उत्तर देता येतं, सगळ्यांच्या वतीने एक. घेतलं, नाहीतर घेतलं नाही. एकाला हवंय आणि एकाला नकोय, असं म्हणायची सोयच नाही.

हे मला कळलं ते आमच्या एका प्राचार्यांमुळे. लॉटरी लागल्याच्या खोट्या मेलींना ते फार वैतागले होते. मला बोलावून म्हणाले, "ज्या पत्रात 'अभिनंदन' हा शब्द असेल ते माझ्याकडे येताच कामा नये." मी म्हटलं, "सर, आपल्याकडं चांगलं पत्रसुद्धा त्याच शब्दानं सुरू होतं." ते म्हणाले, "माझं कोण अभिनंदन करतंय? टाका." मी तसा नियम टाकला.

दोन महिन्यांनी पुण्याच्या एका कंपनीने आमच्या पाच मुलींची प्रशिक्षणासाठी निवड केली. पत्र पाच मुलींना आणि प्राचार्यांना, मिळून एकच. पहिला शब्द 'अभिनंदन'. प्राचार्यांच्या नियमाने नको म्हटलं आणि सर्व्हरने सहाजणांच्या वतीने एकच उत्तर दिलं: घेतलं नाही. कंपनीकडे परत गेलेली सूचना तिथे कुणी उघडली नाही. कागदपत्रं द्यायची मुदत निघून गेली. पाचातली वैशाली नावाची मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, सरांना नको होतं ते मला का नाही दिलं?"

मला भयंकर राग आला.

हा राग घरातून आलेला. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीत पत्रकं लिहायचे. नळासाठी, स्मशानाच्या रस्त्यासाठी, मुलींच्या वसतिगृहासाठी. गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे घरात यायचे आणि त्यांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले. वस्तीतल्या एकाने काही केलं म्हणून सगळ्या वस्तीचं पाणी बंद, हे मी लहानपणी बघितलं आहे. आण्णांनी त्यावर लिहिलेलं पत्रक मला पाठ होतं. त्यामुळे सर्व्हर जेव्हा सहाजणांना मिळून एक शिक्षा देतो, तेव्हा मला ते यंत्राचं काम वाटलं नाही. ती मला ओळखीची गोष्ट वाटली.

आमचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जगभरची माणसं आपापल्या वेळात ते लिहितात, आणि काही हवं असेल तर त्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या चर्चेत, मागायचं असतं. मी मागितलं. चार पानी. प्रत्येक नावाला पत्र तपासल्यावर वेगळं उत्तर मिळालंच पाहिजे. ही सोय ठरवून ठेवलेली आहे, काही सॉफ्टवेअरमध्ये ती आहे, मग तुमच्यात का नाही? एकाच्या नकाराची शिक्षा इतरांना देणारी व्यवस्था तुम्ही इतकी वर्षं का सांभाळलीत? खाली पाच मागण्या, क्रमांक टाकून.

ते सॉफ्टवेअर सांभाळणारा म्हातारा कुठल्या देशातला आहे हे मला अजून माहीत नाही. त्याने दोन ओळी लिहिल्या. मुद्दा बरोबर आहे. कोड आणि चाचणी पाठवल्यास विचार करू.

मी पुन्हा तीन पानं लिहिली. कोड लिहिला नाही.

आण्णांना मी माझं चार पानी वाचून दाखवलं होतं. ते खूश झाले, मग म्हणाले, "खाली तुझंच नाव का गं एवढं मोठं? आपल्या पत्रकाखाली कधी एकाचं नाव असतंय काय?"

"आण्णा, तिथं प्रत्येकाला आपलं नाव लिहावं लागतं."

"लिहावं लागतं ते निराळं," एवढंच ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दीड वर्ष काही झालं नाही. मग एका सकाळी लिस्टवर निलेशचं पत्र आलं. जेमतेम दहा-अकरा ओळी. प्रत्येक नावाला वेगळं उत्तर देण्याची आणि घेण्याची सोय मी लिहिली आहे, सोबत जोडली आहे, चाचण्या केल्या आहेत, चुका दाखवाव्यात. म्हाताऱ्याने आठ दिवसांत ती घेतली. पुढच्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत ओळ आली, आणि ओळीशेवटी निलेशचं नाव.

त्याने पाठवण्याआधी मला फोन केला होता, हे सांगितलं पाहिजे.

"ताई, ही कल्पना तुमची हाय. तुमचं नाव घालू का वर?"

"नको रे," मी म्हटलं, "नावासाठी थोडंच करतोय आपण?"

"न्हाई, पर तुमी लय भांडलासा त्याच्यासाठी."

"भांडणं वेगळं. तू लिहिलंस, तुझंच टाक."

त्याने माझं ऐकलं. माणसाने इतकं सरळ ऐकू नये.

त्या आठवड्यात मी ती यादी दिवसातून किती वेळा उघडली ते सांगत नाही. मला त्याचा कोड आवडला, याचाही राग आला. स्वच्छ होता, माझ्याच सवयीने लिहिलेला, कारण ती सवय मीच लावली होती. सांगलीतल्या मैत्रिणी मला फोन करून विचारायच्या, "तुमच्या निलेशचं कळलं का गं?" तुमच्या! ज्या लढ्यासाठी मी सात पानं लिहिली तो जिंकला होता. वैशालीसारखी मुलगी आता अडकणार नव्हती. आणि मी ऑफिसात बसून एका गुणी पोराच्या नावाकडे बघत जळत होते. जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे आण्णांच्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

पुन्हा त्याचाच फोन. "ताई, तुमच्या सर्व्हरवर पण नवी आवृत्ती बसवा की. सांगली आनि सातारा, आपुन दोघंच पयले. बगू कशी चालतीया."

मी बसवली. चालली. प्राचार्यांचा 'अभिनंदन'चा नियम आता फक्त प्राचार्यांपुरता झाला. आमच्या सांगलीच्या कॉलेजने निलेशचा सत्कार ठरवला. पत्रिका आली: माजी विद्यार्थी, शाल, श्रीफळ, गुरुवारी दुपारी बारा. शाल कुणाच्या हस्ते? माझ्या. निलेशनेच सुचवलं होतं म्हणे.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी कोरेगावहून आमच्या कदम भाऊसाहेबांचा फोन आला. ते कॉलेजचे जुने कारकून, सांगलीचा दवाखाना आमच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी करतो, तिचे कागद त्यांच्याकडे असतात.

"आवं मॅडम, सांगलीच्या दवाखान्याचं येकच पत्र मला दोनदा कशापायी धाडलंय? मला काय बहिरं समजत्यात का?"

"मेल कानानं नाही वाचत, भाऊसाहेब."

"ते हाय वो. पर दोनदा आलं की मला वाटतं आपलंच कायतरी चुकलं."

पत्र दोनदा येणं ही आमच्या धंद्यात किरकोळ तक्रार. पण पत्र दवाखान्याचं होतं, म्हणजे निलेशच्या सर्व्हरवरून आलेलं. मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. इतक्या आवडीने मी नोंदी कधी उघडल्या नव्हत्या.

पत्र तीन नावांना होतं. पहिलं आमच्या जुन्या विभागप्रमुखांचं. ते संस्था सोडून गेलेत, म्हणून दारातच सांगितलं की हा माणूस नाही. उरले दोन. पत्र आत आल्यावर माझ्या सर्व्हरने दोन उत्तरं दिली. दुसऱ्या नावाची पेटी भरलेली होती, म्हणून उत्तर होतं: आत्ता जागा नाही, नंतर आणा. तिसरं नाव कदम भाऊसाहेब: घेतलं.

निलेशच्या कोडने ही दोन उत्तरं तीन नावांच्या यादीवर वरून खाली लावली. पहिलं उत्तर गेलं सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर. 'घेतलं' हे उत्तर गेलं दुसऱ्या नावावर, जिथे जागाच नव्हती, म्हणजे ते पोचलं असं धरून पुन्हा पाठवलंच गेलं नाही. आणि भाऊसाहेबांच्या वाट्याला उत्तरच उरलं नाही, म्हणून त्यांना पत्र पुन्हा पाठवलं. दारातून परत गेलेल्याला यादीतून काढायचं निलेश विसरला होता. त्याने चाचण्या केल्या त्या सगळी नावं खरी घालून. खरी माणसं जुन्या याद्या वर्षानुवर्षं वापरतात, सोडून गेलेल्यांची नावं तशीच ठेवतात, हे त्या सुभेदाराच्या पोराला सुचलं नसावं.

मी तीन खोट्या नावांवर तेच करून पाहिलं. पुन्हा तसंच घडलं. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला इतका आनंद झाला की मी शिपायाला सांगून चहा मागवला.

तेव्हाच निलेशला फोन लावायला हवा होता. मी लिहायला बसले. मथळा दिला: 'सत्कार कशाचा?' दोन पानं सोमवारी झाली, मंगळवारी आणखी एक. घाईने घेतलेला कोड, नावाचा हव्यास, न तपासता वाजवलेल्या टाळ्या. गुरुवारी बाराच्या ठोक्याला ते लिस्टवर पाठवायचं मी ठरवलं. तेव्हा तो स्टेजवर असेल आणि त्याच्या खांद्यावर मी घातलेली शाल असेल. हे मी ठरवलं होतं. शुद्धीवर असताना, दिवसाउजेडी, ऑफिसच्या वेळेत.

बुधवारी दुपारी पुरावा जोडायला घेतला. दोष कळवण्याचा आमचा एक ठरलेला साचा असतो. त्यात मी स्वतःच, फार पूर्वी, आमच्या ऑफिससाठी एक रकाना वाढवला होता: कोणाला पत्र मिळालं नाही? वैशालीमुळे वाढवला होता. तो रकाना रिकामा होता. नोंदीत पत्ता होता: पाटण वसतिगृह चार. आमच्याकडे पत्ते जागेनुसार असतात, माणसांच्या नावाने नसतात. तो पत्ता मी सोमवारीच पाहिला होता, दहा वेळा पाहिला होता. त्यामागे कोण आहे, ते मी पाहिलं नव्हतं.

यादीत शोधलं. सुनंदा माने, स्वयंपाकीण. मी भाऊसाहेबांना फोन करून त्यांच्याकडे दोनदा आलेलं पत्र वाचायला लावलं. ते अडखळत वाचू लागले. सुनंदा माने यांच्या छातीत गाठ आढळली आहे, मोठ्या तपासणीसाठी ताबडतोब यावे.

"मॅडम," ते म्हणाले, "हे त्या बाईला बी गेलं आसंल न्हवं? खाली नाव हाय तिचं. म्हनून मी काय बोललो न्हाई."

मी पाटणला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"सुनंदाताई, दवाखान्याचं काही पत्र आलं का तुम्हाला?"

"न्हाई की. कायबी न्हाई आलं." आवाज खुशीत होता. "तपासनीतली बाई म्हनली हुती, कायतरी आसंल तरच कळवू. न्हाई आलं म्हंजी चांगलंच म्हनायचं. सोमवारी पोरींना शिरा केला मी."

तिला मी फोनवर काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की ती मध्येच म्हणाली, "थांबा, ग्यास बंद करते."

मग निलेशला फोन. मी दोष सांगितला, दोन वाक्यांत. त्याला तिसरं लागलं नाही.

"थांबा. बंद करतो आदी." पलीकडे कळांचा आवाज. "झालं बंद. आजून कुनाकुनाचं आसं झालंय ते काढतो. ताई, तुमाला कवा कळलं हे?"

माझ्या समोर 'सत्कार कशाचा?' उघडं होतं.

"सोमवारी," मी म्हटलं.

"आज बुधवार हाय, ताई."

"हो."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "त्या बाईंना उद्या सकाळी आना. मी दारात थांबतो."

"उद्या तुझा सत्कार आहे."

"आसू दे की."

गुरुवारी मी कराडच्या स्टँडवर सुनंदाताईंना भेटले आणि आम्ही सांगलीच्या गाडीत बसलो. त्यांनी नवं पातळ नेसलं होतं, पिशवीत डबा होता. इस्लामपूर गेल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, पत्र कुठं अडाकलं व्हतं?"

सर्व्हर, याद्या, उत्तरं, सगळं सांगता आलं असतं. मी पाच मिनिटांत कुणालाही समजावते.

"माझ्याकडं," मी म्हटलं.

"तुमच्याकडं? म्हंजी तुमी वाचलं व्हतं?"

"नाही. वाचलं नव्हतं. पण तुम्हाला मिळालं नाही हे माहीत होतं. दोन दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. आष्टा आल्यावर म्हणाल्या, "मंग सांगायचं की वो." आणि डबा उघडून त्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, कारण मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे त्यांनी आधीच विचारून काढलं होतं.

निलेश दारात होता. डोळे तांबारलेले. त्याने सगळ्या नोंदी तपासल्या होत्या, आणखी चार पत्रं अशीच हरवलेली सापडली होती, ती त्याने पुन्हा पाठवली होती. ती साधी होती, पावत्या आणि वेळापत्रकं. बारा वाजता कॉलेजात शाल तशीच टेबलावर राहिली आणि आम्ही तिघं तपासणीच्या रांगेत बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दिवसांनी काही बिघडलं नाही, पण दोन महिन्यांनी बिघडलं असतं. सुनंदाताईंचे उपचार आज चालू आहेत. वसतिगृहात त्या अर्धा दिवस येतात आणि दुसऱ्या बाईच्या आमटीला नावं ठेवतात.

माझी तीन पानं मी पुसून टाकली. दोष लिस्टवर कळवताना चार ओळी लिहिल्या: काय घडतं, कशामुळे, कसं दुरुस्त करता येईल. शेवटी एक ओळ: हा दोष मला सोमवारी सापडला, मी तो बुधवारी कळवला, आणि उशिराचं कारण तांत्रिक नाही. निलेशने दुरुस्ती लिहिली, ती मी तपासली. बदलांच्या यादीत टाकण्याआधी त्याने फोन केला.

"ताई, दोष कुनी शोधला तिथं तुमचं नाव घालतोय. ह्या टायमाला इचारत न्हाई."

"घाल."

"सोमवार-बुधवारचं मात्र गाळतो. काय गरज हाय?"

"ते लिस्टवर आहेच. गाळून काय होणार?"

"आवं, लोक यादी वाचत्यात. लिस्ट कोन उगडतंय?"

"म्हणूनच ठेव."

त्याने ठेवलं. म्हाताऱ्याने काही न विचारता ते तसंच घेतलं. नवी आवृत्ती आता सगळीकडे गेली आहे, तीन नावं आणि दोन उत्तरं आता नीट जुळतात. सत्कार पुढच्या महिन्यात झाला. शाल मीच घातली, आणि टाळ्या वाजत असताना मला पुन्हा त्याचा हेवा वाटला. गेलेला नाही तो. त्या यादीत निलेशचं नाव दोनदा आहे आणि माझं एकदा, तेही दोन वारांसकट. मी मोजलं आहे.